इंदूबाई कांबळे, घोडपदेव

कुणाच्याही अंगाला पहिल्यांदा हात लावण्याआधी इंदूबाई आपलं नाव सांगत. नुसतं नाव नाही. पिशवी खाली ठेवायच्या, पदर खोचायच्या आणि समोरच्या माणसाकडे सरळ बघत म्हणायच्या, "मी इंदू कांबळे. घोडपदेवला राहते. आम्ही बौद्ध. लावू ना हात?" आवाजात लाचारी नसायची आणि भांडणही नसायचं. भाजीवाली भाव सांगते तसा तो स्वर असायचा. घ्यायचं तर घ्या, नाहीतर मी पुढच्या दारी जाते.

पहिल्या दिवशी ते ऐकून मी ओशाळले. घाईघाईने म्हणाले, "अहो, आमच्याकडे तसलं काही नाही." त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्या माझ्या सासूबाईंकडे बघत होत्या, कारण मालिश सासूबाईंना करून घ्यायची होती. सासूबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आज नको. आज माझं अंग जरा कसकसतंय."

"बरं," म्हणून इंदूबाईंनी खोचलेला पदर सोडला, पिशवी उचलली आणि निघाल्या. मी त्यांच्यामागे लिफ्टपर्यंत गेले. तेव्हा त्याच म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका ताई. माटुंग्याला एक बाई होती. तिची पाठ चोळत होते. बोलता बोलता गावाचं निघालं, गावावरनं आडनावाचं. अर्ध्या पाठीला तेल, तशीच उठली बया आणि गेली आंघोळीला. तेव्हापासून आधीच सांगते. तेल तरी वाया जात नाही." लिफ्ट आली आणि त्या गेल्या.

सासूबाईंची गोष्ट अशी, की आमची गिरगावातली चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि त्यात वरच्या मजल्यावर आम्हाला जागा मिळाली. शेजारी तेच राहिले, पण प्रत्येकाचं दार बंद झालं. सासरे नव्या घरात जेमतेम एक दिवाळी बघून गेले. त्यानंतर सासूबाईंचं ब्लडप्रेशर जे चढलं ते उतरायला तयार होईना. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, वाढवल्या, लोणचं-पापड बंद केलं. झोप तर त्यांना नव्हतीच. मी आणि माझे मिस्टर ऑफिसला गेलो की त्या दिवसभर खालचा रस्ता बघत बसत. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हलक्या हाताने मालिश करणारं कुणी मिळतंय का बघा. अंग सैल पडेल, झोप लागेल, प्रेशरलाही थोडी मदत होईल. गोळीऐवजी नाही हं. गोळीच्या जोडीला." ऑफिसातल्या माझ्या दादरच्या मैत्रिणीकडे इंदूबाई तिच्या आईसाठी जायच्या. तिनेच त्यांचं नाव सुचवलं होतं.

त्या परत गेल्यावर मी दुसरं कुणी शोधलं नाही. काही आठवड्यांनी सासूबाईंचं प्रेशर एकदम इतकं वाढलं की त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथल्या एका आयाबाईने रोज त्यांचे पाय चेपून दिले. त्या बाईचं आडनाव विचारण्याच्या अवस्थेत सासूबाई नव्हत्या. कितीतरी महिन्यांनी त्यांना गाढ झोप लागली ती तिथेच. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी, खिडकीबाहेर बघत त्या मला म्हणाल्या, "मेधा, त्या बाईंना बोलाव."

"कुठल्या?"

"तुला माहितेय कुठल्या."

इंदूबाई आल्या. या वेळी त्यांनी नाव सांगितलं नाही. पिशवीतून खोबरेलाची बाटली काढत एवढंच विचारलं, "कसकस गेली का आजी?"

सासूबाई म्हणाल्या, "गेली."

इंदूबाई बुटक्या आणि रुंद बांध्याच्या होत्या. साठी उलटलेली असली तरी केस काळे करायच्या. घाम फार यायचा, म्हणून मानेला पावडर थापायच्या; त्या येऊन गेल्या की घरात पावडरीचा आणि तेलाचा मिळून एक वास राहायचा. काम सुरू करण्याआधी दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम करायच्या. मग तळव्यांपासून सुरुवात, पोटऱ्या, हात, खांदे, मान आणि सगळ्यात शेवटी कपाळ. जोर अजिबात नाही. "जोर पैलवानाला," त्या म्हणायच्या. "म्हाताऱ्या माणसाला नुसता हात कळायला पाहिजे." सासूबाई सुरुवातीला लाकडासारख्या पडून राहायच्या. इंदूबाई वैतागायच्या. "अंग सोडा ना आजी. स्वतःचं अंग असं काय धरून ठेवलंय? पळून चाललंय काय?"

सासूबाईंनी मालिशीसाठी एक जुनी चादर वेगळी काढली होती. मालिश झाली की त्या लगेच आंघोळीला जायच्या आणि ती चादर बादलीत पडायची. तेलाची म्हणून. मी त्यांच्याशी त्यावरून एकदा बोलले. "तेल लागतं म्हणून धुतेय, आणखी काय?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. इंदूबाईंना काय ते कळत होतंच. चारपाच वेळा झाल्यावर त्यांनी स्वतःच चादर उचलली. "मीच भिजवते. तेलाचे डाग नुसत्या पाण्याने जात नाहीत, साबण चोळावा लागतो." त्यानंतर प्रत्येक वेळी बाथरूममध्ये जाऊन त्या चादर भिजवायच्या, हात धुवायच्या आणि मगच निघायच्या. अपमान गिळला असं मला त्यात कधी दिसलं नाही. समोरच्याला लाज वाटायची सोयसुद्धा त्यांनी ठेवली नाही, एवढंच.

माझ्याकडे प्रेशर मोजायचं मशीन होतं. शनिवारी मी घरी असायचे, तेव्हा मालिशीच्या आधी आणि नंतर मोजायचे. आकडा थोडा उतरलेला असायचा. दुसऱ्या दिवशीपर्यंत तो पुन्हा चढायचाही. पण दोनतीन महिन्यांत एकूणच चढउतार कमी झाले, आणि मुख्य म्हणजे सासूबाई झोपायला लागल्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "आता ती एक गोळी बंद केली तर?" इंदूबाई तेव्हा त्यांची मान चोळत होत्या. त्या हात न थांबवता म्हणाल्या, "गोळी आणि मी जावा-जावा. एकीनं चूल सोडली तर दुसरीनं किती करायचं? गोळी सोडायची असेल तर मलाही सोडा." सासूबाईंनी गोळी सोडली नाही.

हळूहळू त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. म्हणजे इंदूबाई बोलायच्या. आदल्या रात्रीच्या मालिकेत कोणी कोणाला फसवलं ते अभिनयासकट सांगायच्या. सासूबाई "मी असलं काही बघत नाही" म्हणायच्या आणि मध्येच विचारायच्या, "मग त्या धाकटीला कळलं का?" इंदूबाईंनी आयुष्यभर चोळण्याचंच काम केलं होतं. सासूने शिकवलं, सासूच्या हाताखाली बाळंतिणी आणि तान्ही मुलं न्हाऊमाखू घालायला सुरुवात केली. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा घर त्यांनीच ओढलं. नवरा घरी बसून खंगला आणि गेला. "पहिल्यांदा गिरगाव-लालबागची बाळं चोळली," त्या म्हणायच्या. "आता म्हातारी चोळते. इथं बाळं राहिली कुठं? ज्यांना बाळं होतात ते गेले तिकडं लांब राहायला. इथं उरले आईबाप, आणि त्यांची प्रेशरं."

एकदा मी त्यांना विचारलं, लोकांना नेमकं काय होतं तुमच्या हाताने? त्यांनी डोकं खाजवलं. "मला काय माहीत? डॉक्टरला विचारा. मला एवढंच दिसतं, ताई, की मेल्यावर चार जण आंघोळ घालायला येतात. जिवंतपणी पायाला हात लावायला एक नसतो." मग त्या म्हणाल्या, "काळजी माणसाच्या मानेत बसते, आणि राग जबड्यात. आजींची मान बरीय आता. जबडा अजून सोडत नाहीत." हे त्या सासूबाईंसमोरच बोलल्या. सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. पण हसू दाबताना त्यांचा जबडा हलला, ते आम्ही दोघींनी पाहिलं.

डिसेंबरातल्या एका दुपारी सासूबाई मालिश चालू असतानाच झोपल्या. इंदूबाईंनी त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि चादर काढण्यासाठी त्यांना उठवायचं नाही म्हणून तशाच निघाल्या. संध्याकाळी मी आले तरी सासूबाई त्याच चादरीवर होत्या. त्या दिवशी आंघोळ राहिली. पुढच्या खेपेला त्यांनी आंघोळ केली, त्यापुढच्या खेपेला केली नाही. असंच चालू राहिलं, कधी हो, कधी नाही. माणसं एका दिवसात बदलतात असं मला वाटत नाही. सासूबाई पूर्ण बदलल्या असंही मी म्हणणार नाही. पण "अहो बाई" म्हणणाऱ्या सासूबाई आता इंदूबाईंना "इंदू" म्हणत होत्या, आणि त्यांना यायला उशीर झाला की मला ऑफिसात फोन करत होत्या.

अशाच एका शनिवारी मशीन बाहेर काढलेलंच होतं, तर मी म्हटलं, इंदूबाई, तुमचंही बघू. त्या नको नको म्हणत होत्या. मी जवळजवळ जबरदस्तीने पट्टा बांधला. आकडा बघून मला भीती वाटली. मी पुन्हा मोजलं. तोच. सासूबाईंचं कधी एवढं वाढलं नव्हतं, हॉस्पिटलात नेलं तेव्हासुद्धा नाही.

"तुम्ही गोळ्या घेता ना?"

"आहेत ना. सरकारी दवाखान्यातनं मिळतात."

"घेता का?"

त्या पट्टा सोडवत राहिल्या. "सुट्टीच्या दिवशी घेते."

मला कळेना. मी खोदून विचारलं तेव्हा जरा चिडूनच त्यांनी सांगितलं. "पाण्याची गोळी आहे ती. घेतली की सारखं जावं लागतं. मी सकाळी निघते ती दिवसभर लोकांच्या घरात. कुठं जाऊ? कुणाला विचारू, तुमचा संडास वापरू का? एकीला विचारलं होतं. तिनं खाली वॉचमनचा दाखवला. चार मजले उतरले, पुन्हा चढले. त्यापेक्षा नकोच ती गोळी. पाणीपण कमीच पिते मी."

मी म्हणाले, "आमच्याकडे विचारायचं काय आहे? जात जा."

"तुमच्याकडे जाईन," त्या म्हणाल्या. "बाकीच्या घरांचं काय? गोळीला काय कळतं, कुठल्या घरात आहे ते?"

सासूबाई पलंगावर पडून ऐकत होत्या. पुढच्या वेळी इंदूबाई आल्या तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आतच सासूबाई म्हणाल्या, "इंदू, बाथरूम तिकडे आहे हो. तुला लागेल तेव्हा जा."

"माहितेय आजी," इंदूबाई म्हणाल्या. "चादर तिथंच भिजवते की." त्या हे सहज बोलल्या की मुद्दाम, मला आजही ठरवता येत नाही. सासूबाईंनी त्या दिवसापासून चादर भिजवू दिली नाही. वॉशिंग मशीनला लाव म्हणून त्या मला सांगू लागल्या. मी इंदूबाईंना गोळीचं आणखी दोनतीनदा विचारलं. "घेते, घेते" असं उत्तर आलं. त्यापुढे मी गेले नाही. प्रत्येकाचं आपापलं चालू असतं, तसं आमचंही चालू होतं.

मार्चमधल्या एका दुपारी हे झालं. मी ऑफिसात होते. पुढचं सगळं मला सासूबाईंनी सांगितलेलं.

इंदूबाई नेहमीसारख्या आल्या. ऊन चढलं होतं. पाणी प्यायल्या, मालिकेचं काही बोलल्या नाहीत, कामाला बसल्या. सासूबाईंचा डावा पाय चोळता चोळता त्यांचा हात दोनदा सुटला. सासूबाईंनी विचारलं, "काय गं?" त्या म्हणाल्या, "काही नाही, चक्कर आली जराशी." मग खाली बसून त्यांनी पलंगाला पाठ टेकली. तेलाची बाटली कलंडली होती, ती उचलायला हात पुढे केला, पण तो बाटलीपर्यंत पोचला नाही. सासूबाई म्हणाल्या, "मेधाला फोन लावू का?" इंदूबाईंनी मान हलवली. "नको. होतं मला असं. जरा तळवे चोळा माझे. उतरतं मग."

सासूबाईंचे गुडघे गेलेले आहेत. जमिनीवर त्या गेली कित्येक वर्षं बसल्या नव्हत्या. पलंगाची कड धरून त्या कशाबशा खाली बसल्या, इंदूबाईंचा पाय मांडीवर घेतला आणि सांडलेल्या तेलात हात बुडवून तळवा चोळू लागल्या. इंदूबाई थोडं काहीतरी बोलल्या. शब्द जड येत होते. मग डोळे मिटले, मान कलली. सासूबाई चोळत राहिल्या.

"मला वाटलं, तिला झोप लागतेय," त्या मला म्हणाल्या. "मला लागते ना, तशी. मी म्हटलं, झोपू दे. किती घरं करून येते बिचारी. आवाज होऊ नये म्हणून मी पंख्याचं बटणसुद्धा दाबायला उठले नाही."

बऱ्याच वेळाने त्यांना इंदूबाईंच्या तोंडाचा एक कोपरा ओघळलेला दिसला. हाक मारली तर ओ नाही. तेव्हा त्यांनी मला फोन केला. "मेधा, इंदू झोपलीये, ती उठत नाहीये." मी फोनवरूनच वॉचमनला वर पाठवलं, शेजारच्यांना सांगितलं, टॅक्सी करून निघाले. चाळ असती तर गॅलरीतून जाणाऱ्या-येणाऱ्या कुणीतरी आत डोकावलं असतं. पण आता दार बंद होतं, आणि आत दोघी होत्या.

परळच्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टरणीने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की सुरू कधी झालं. मेंदूत रक्ताची गाठ असते, ती विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक वेळेच्या आतच देता येतं. सासूबाई हट्टाने आमच्याबरोबर आल्या होत्या. त्यांना घड्याळातली वेळ सांगता येईना. "ऊन पलंगावर होतं तेव्हा तिला चक्कर आली," त्या म्हणाल्या, "आणि ऊन भिंतीवर गेलं तेव्हा मी फोन केला." डॉक्टरणीने माझ्याकडे बघितलं. मी मनाशी हिशेब केला आणि सांगितला. तिने मान हलवली. ती वाईट काही बोलली नाही. "आता जे करता येईल ते करू," एवढंच म्हणाली. सासूबाईंना तेवढ्यावरून सगळं कळलं.

इंदूबाई वाचल्या. पण उजवी बाजू पूर्ण गेली आणि बोलणं गेलं. काही आठवड्यांनी मुलाने त्यांना घरी नेलं. मुलगा नितीन, कुरिअरच्या कामावर होता. हॉस्पिटलात दोनतीनदा भेट झाली तेव्हा तो माझ्याशी नीट बोलला, पण जेवढ्यास तेवढं. ते घरी गेल्यावर सासूबाईंनी मला सांगितलं, "मला तिच्याकडे घेऊन चल."

घोडपदेवला त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. जुना लाकडी जिना, कठडा हलणारा. सासूबाई प्रत्येक वळणावर थांबत चढल्या. खोली एकच, पण लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताजा हार. खिडकीशी खाट, खाटेवर इंदूबाई. केस मुळापासून पांढरे झाले होते, कारण काळे करायला कुणी नव्हतं. आम्हाला बघून त्यांचे डोळे भरले आणि तोंडातून एक आवाज निघाला, त्यात शब्द नव्हता. नितीनने सासूबाईंना खुर्ची दिली. मी मोसंब्यांची पिशवी खाली ठेवली.

सासूबाई बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "नितीन, मी तुला एक सांगायला आलेय. तुझी आई पडली तेव्हा घरात मी एकटी होते. मी कुणाला हाक मारली नाही, फोन केला नाही. मी तिचे पाय चोळत बसले. उशीर झाला तो माझ्यामुळे झाला. डॉक्टरांना विचार हवं तर."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या अर्धंच सांगत होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

खाटेवरून आवाज यायला लागला. इंदूबाई डावा हात खाटेच्या पट्टीवर आपटत होत्या. तोंड वाकडं होऊन त्यातून "न्ना, न्ना" असं काहीतरी फुटत होतं, लाळ गळत होती, मान जोरजोरात हलत होती. त्या नितीनकडे बघत होत्या, मग सासूबाईंकडे, मग पुन्हा नितीनकडे. नितीनने पुढे होऊन त्यांचा हात धरला. त्यांनी तो हिसडून सोडवला आणि पुन्हा आपटला. मला त्या काय म्हणताहेत ते स्पष्ट कळत होतं. आजींचा दोष नाही, तळवे चोळायला मीच सांगितलं, असं त्यांना म्हणायचं होतं. खोटं त्यांना कधी सहन झालं नाही, आणि आता त्यांच्यासाठीच, त्यांच्यासमोर, त्यांच्या घरात कुणीतरी ते बोलत होतं.

"तिला त्रास होतोय," नितीन म्हणाला. "तुम्ही आता निघा आजी."

सासूबाई उठल्या. जाताना खाटेच्या पायथ्याशी थांबून त्यांनी चादरीवरून इंदूबाईंच्या पायावर हात ठेवला. तो उजवा पाय होता. त्याला काही कळत नव्हतं.

जिना उतरताना मी विचारलं, "अर्धंच का सांगितलंत? त्या स्वतःच म्हणाल्या होत्या ना, तळवे चोळा म्हणून?"

"म्हणाली होती," सासूबाई म्हणाल्या. कठडा धरून त्या दम घेत उभ्या राहिल्या. "पण तो मुलगा आता तिचं सगळं करणार. हागणंमुतणं काढणार. मनात आईवर राग ठेवून त्याने ते कशाला करायचं? माझ्यावर धरू दे. मी त्याची कोण लागते?"

त्यांना टॅक्सीत बसवलं तेवढ्यात नितीन खाली आला. सासूबाईंची काठी वर राहिली होती. काठी घेताना मला राहवलं नाही. मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो काठीच्या मुठीकडे बघत ऐकत होता.

"माहितेय मला," तो म्हणाला. "वरती आई तेच सांगत होती. आजींना नाही, मला सांगत होती. घरीपण चक्कर आली की म्हणायची, नित्या, तळवे चोळ. मी चोळायचो. तिला बरं वाटायचं, मग मी मोबाइल बघत बसायचो. गोळी घेतलीस का, हे मी कधी विचारलं नाही." त्याने काठी माझ्या हातात दिली. "ती पडली त्याच्या आदल्या दिवशीपण चोळलेले."

एवढं बोलून तो वळला आणि जिना चढून गेला.

टॅक्सी सुरू झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणत होता?" मी सांगितलं. लपवून काय करणार होते? टॅक्सी भायखळ्याच्या पुलावर आली. तेव्हा त्या म्हणाल्या, "आपण सगळ्यांनी तिचं ऐकलं गं. तिचं ऐकायला नको होतं."

त्यानंतर आमचं जाणं झालं नाही. नितीनने आम्हाला निघा म्हटलं होतं, आणि सासूबाईंचं प्रेशर पुन्हा वाढलं होतं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. दादरच्या मैत्रिणीने दुसरी मालिशवाली सुचवली, तिला सासूबाईंनी नको म्हटलं. मला मात्र इंदूबाई वेळीअवेळी आठवायच्या, आणि खाटेवरच्या नाही. पदर खोचून, हात घासत, मालिकेतल्या दुष्ट जावेची नक्कल करणाऱ्या. इतक्या घरांत त्या गेल्या, इतक्या म्हाताऱ्यांना त्यांनी झोपवलं. त्यातल्या किती घरांनी त्यांची चौकशी केली, मला माहीत नाही.

श्रावण सरता सरता एका सकाळी नितीनचा फोन आला. "आई गेली," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. मी कधी, कसं, ते विचारलं. रात्री झोपेतच गेल्या होत्या. दुपारी नेणार होते. थोडं घुटमळून मी म्हणाले, "मी येते. सासूबाईंना आणू का, ते तुम्ही सांगा."



"आणा ना," तो म्हणाला. "दोन जिने आहेत, त्यांना एकटीने जमणार नाही. टॅक्सी आली की मला मिस्ड कॉल द्या. मी खाली येतो घ्यायला."